पाद्री सेबास्टियन क्नाइप : ऊन पाणी व थंड पाणी



औषध म्हटले म्हणजे ते दुरून आणावे लागते, त्यास पैसा पडतो आणि मोठ्या शाळेत शिकलेल्यावाचून दुसऱ्या कोणास ते देता येत नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत पुष्कळ अंशी खरीही आहे. तथापि एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील बव्हेरिया राज्यात एक पाळक होऊन गेले. त्यांनी झऱ्याचे थंड पाणी, चुलीवर तापविलेले ऊन पाणी, लाकडी टब व झाडांना पाणी घालावयाची झारी एवढ्याच सामग्रीने हजारो रोग्यांची सेवा केली. त्यांचे नाव सेबास्टियन क्नाइप. ते रोमन कॅथोलिक मंडळीचे होते. परंतु ज्या मनुष्याने आपला दरवाजा दुखणाईतांसाठी उघडा ठेविला, त्याचे चरित्र वाचताना आपण त्याच्या मंडळीचे नाव विचारीत बसू नये.

ऊन व थंड पाण्यात आळीपाळीने अंग बुडवून थकवा घालविण्याची रीत आज खेळाडूंच्या शिबिरांत व शहरांतील आरोग्यगृहांत पुष्कळ चालते, आणि कित्येक ठिकाणी तिच्यासाठी मोठी रक्कम घेतात. ही रीत सामान्य लोकांच्या घरापर्यंत ज्यांनी नेली, त्यांत क्नाइप ह्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांस हे ज्ञान कसे प्राप्त झाले, व प्राप्त झाल्यावर त्यात त्यांनी कोणता फेर केला, हे आपण क्रमाने पाहू.

क्नाइप ह्यांचा जन्म १७ मे १८२१ रोजी ओटोबॉयरेन गावाजवळील स्टेफान्सरीड नावाच्या लहानशा वाडीत झाला. बाप क्सावर हे विणकर होते. घरातील माग तळघरात होता. अकरा-बारा वर्षांचा झाला नाही तोच सेबास्टियन त्या ओलसर, अंधाऱ्या जागेत बापाबरोबर मागावर बसू लागला. उन्हाळ्यात शेतावर मजुरी करावी व हिवाळ्यात कापड विणावे, असा त्या घरचा क्रम होता. मुलाच्या मनात मात्र एकच इच्छा होती, ती ही की आपण शिकावे व पाळक व्हावे. विणकराच्या पोराने अशी इच्छा धरणे त्या काळी लोकांस हसण्याजोगे वाटे. त्याने कित्येक पाळकांकडे जाऊन लॅटिन शिकविण्याची विनंती केली. परंतु कोणी दाद दिली नाही.

तरी तो पै पै साठवीत राहिला. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्याजवळ ७० गुल्डेन जमले. इतक्यात घरास आग लागली. घर जळाले, माग जळाला आणि गाठीचे ७० गुल्डेनही गेले. ज्याच्या अंगावरील वस्त्राखेरीज काही उरले नाही, त्याने आता पुन्हा मागाकडे वळावे, असे सर्वांस वाटले असेल. सेबास्टियन वळला नाही. तो घर सोडून निघाला, आणि ग्रोनेनबाख येथे माथियास मेर्क्ले नावाचे तरुण पाळक त्यास भेटले. मेर्क्ले ह्यांनी त्यास आपल्याजवळ ठेवून घेतले व फुकट लॅटिन शिकविले. पुढे १८४४ साली तो डॅन्यूब नदीकाठच्या डिलिंगेन शहरातील विद्यालयात दाखल झाला. त्या वेळी त्याचे वय २३ वर्षांचे होते, आणि बाकावर शेजारी बसणारी मुले त्याच्याहून कितीतरी लहान होती.

परंतु श्रम, उपासमार व अपुरी झोप ह्यांनी त्याचे शरीर खचले. खोकला जडला, छातीतून रक्त पडू लागले, व अंगी त्राण उरले नाही. वैद्यांनी दुखणे क्षयाचे ठरविले. त्या काळी क्षयावर खरा उपाय कोणासच ठाऊक नव्हता; त्या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी दाखवून दिले ते १८८२ साली. सेबास्टियन दीक्षाविद्या शिकू लागला खरा, परंतु दीक्षेचा दिवस आपण पाहू अशी आशा त्यास उरली नव्हती.

अशा स्थितीत त्याच्या हाती एक जुने पुस्तक आले. ते योहान सिगमुंड हान नावाच्या वैद्याने लिहिले होते. हान हे सायलीशिया प्रांतातील श्वाइडनिट्झ येथे राहत असत, आणि थंड पाण्याचे गुण सांगणारे त्यांचे ते पुस्तक १७३८ साली प्रथम छापले गेले होते. म्हणजे क्नाइप ह्यांनी पाण्याचा उपचार नवा शोधून काढला, असे म्हणता येणार नाही. त्यांच्याच काळी ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेंट्स प्रीस्निट्झ नावाचा एक शेतकरीही थंड पाण्याने लोकांस बरे करीत असे व त्याची मोठी ख्याती होती. विद्या पूर्वीची होती. ती आता एका मरणोन्मुख विद्यार्थ्याच्या हाती पडली, इतकेच.

१८४९ सालच्या हिवाळ्यात सेबास्टियन आठवड्यातून दोनतीन वेळा डॅन्यूब नदीवर जाऊ लागला. बव्हेरियातील हिवाळा म्हणजे नदीच्या काठास बर्फ धरण्याचे दिवस. तो झपझप चालत जाई, त्यामुळे नदीवर पोहोचेपर्यंत अंग तापलेले असे. मग तो काही क्षण पाण्यात बुडी मारी, लागलीच बाहेर निघून कपडे घाली, व तसाच झपझप चालत घरी येई. ह्यातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. बुडीपूर्वी अंगात ऊब होती, व बुडीनंतर चालण्याने ती परत आणिली जाई. मधला थंडीचा काळ अगदी थोडा होता. गारठलेल्या अंगावर थंड पाणी कधीही घेऊ नये, हा जो नियम पुढे त्यांनी जन्मभर सांगितला, त्याचे मूळ ह्या नदीकाठच्या वाटेवर आहे.

हळूहळू त्याचा खोकला थांबला व शक्ती परत आली. पाण्याने क्षयाचे जंतू मरतात असे आजचे शास्त्र म्हणत नाही. काही रोग्यांचे शरीर त्या रोगाशी झुंजून आपले आपण सावरते हेही खरे आहे. कारण काहीही असो, मरणाच्या दारी बसलेला तो विद्यार्थी बरा होऊन पुढील शिक्षणासाठी म्युनिक शहरी गेला. तेथील दीक्षाशाळेत काही सोबती आजारी होते. त्यांस त्याने झारीने पाणी घालून उपचार करण्यास आरंभ केला. ६ ऑगस्ट १८५२ रोजी ऑग्सबर्ग शहरात त्यास दीक्षा मिळाली. तेव्हा विणकराच्या मुलाचे वय ३१ वर्षांचे होते.

ह्यापुढे आपण त्यांस पाद्री क्नाइप म्हणू. बीबरबाख, बोस व ऑग्सबर्ग येथे त्यांनी साहाय्यक पाळक म्हणून काम केले. आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेस जावे, तो तेथे वैद्य नाही, औषध नाही व औषधास पैसाही नाही, असे दृश्य त्यांस वारंवार दिसे. आपण ज्याने वाचलो ते ह्यांस न सांगता परत फिरावे, हे त्यांच्याने होईना. परंतु तेथे एक अडचण होती. परवान्यावाचून वैद्यकी करण्यास कायद्याची बंदी होती. औषधविक्रेत्यांचा व वैद्यांचा धंदा बुडतो अशी तक्रार झाली, आणि पाद्री क्नाइप ह्यांस न्यायाधीशासमोर उभे राहून दंड भरावा लागला. कायद्याची बाजूही अगदी खोटी नव्हती. कारण अज्ञानी मनुष्याच्या हाती रोगी सापडला म्हणजे त्याचे काय होते, हे आपल्या खेड्यांतही आपण पाहतो. पाद्री क्नाइप ह्यांस ह्या दोहींमधून वाट काढावी लागली. वैद्यांनी ज्यांची आशा सोडली आहे व ज्यांस वैद्य मिळतच नाही, अशांकडे ते विशेषेकरून लक्ष देऊ लागले.

१८५४ साली बोस गावात कॉलरा आला. रोगी थंडगार पडत, हातपाय वळत. पाद्री क्नाइप घरोघर जाऊन व्हिनेगारमिश्रित ऊन पाण्यात भिजविलेली फडकी रोग्यांच्या पोटावर बांधीत व त्यांच्या अंगात ऊब आणीत. लोक त्यांस कॉलऱ्याचा पाळक म्हणू लागले. कॉलऱ्यात मनुष्य मरतो तो मुख्यत्वेकरून अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने, आणि ते तोंडावाटे किंवा शिरेतून भरून काढणे हाच त्यावरील खरा उपाय होय, हे पुढे सिद्ध झाले. म्हणून कोणी कॉलऱ्यात शेकावर विसंबून राहू नये. परंतु येथे एक गोष्ट दिसते. स्वतः थंड पाण्याने वाचलेल्या ह्या मनुष्याने थंडगार पडलेल्या रोग्यास थंड पाणी दिले नाही, ऊबच दिली. पुस्तकातील शब्दापेक्षा समोरच्या देहाकडे पाहावे, हा धडा त्यांच्याकडून तेथेच गिरविला गेला.

१८५५ साली त्यांची नेमणूक वोरिसहोफेन नावाच्या खेड्यात झाली. तेथे डोमिनिकन संघाच्या जोगिणींचा मठ होता व त्यांचे पाळक म्हणून क्नाइप ह्यांनी राहावयाचे होते. मठाची शेती पडिक झाली होती. विणकरी व शेती दोन्ही जाणणाऱ्या ह्या पाळकाने ती सुधारली, गुरांची जोपासना शिकविली, मधमाश्या पाळल्या व मधमाश्यांवर एक लहान पुस्तकही लिहिले. रोगी तेथेही आले. मठाच्या धुण्याच्या खोलीत त्यांच्यावर पाणी घालण्याची सोय करण्यात आली. पुष्कळ वर्षे हे काम असे गुपचूप व लहान प्रमाणावर चालले. १८८१ साली ते त्याच गावच्या मंडळीचे मुख्य पाळक झाले.

आता आपण ह्या चरित्राच्या मुख्य भागाकडे येतो. आरंभी पाद्री क्नाइप ह्यांची रीत कडक होती. थंड पाणीच त्यांस लाभले होते, म्हणून थंड पाण्यावरच त्यांचा भर होता. ज्या मनुष्यास एखाद्या उपायाने स्वतःस गुण आला, तो बहुधा असा होतो की तोच उपाय तितक्याच मात्रेने सर्वांस द्यावा असे त्यास वाटते, आणि जो सोसू शकत नाही त्यास तो भित्रा म्हणतो. पाद्री क्नाइप ह्यांचे तसे झाले नाही. त्यांच्यापुढे म्हातारी माणसे आली, पांढरीफटक पडलेली मुले आली, बाळंतपणांनी थकलेल्या स्त्रिया आल्या, संधिवाताने आखडलेले मजूर आले. डॅन्यूबमधील बुडी ह्यांस तारील की मारील, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले. आपल्या मोठ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे की, तीस वर्षांहून अधिक काळाच्या अनुभवात आपणास आपली रीत तीन वेळा बदलावी लागली, आणि प्रत्येक वेळी ती कडकपणाकडून सौम्यतेकडे आणावी लागली. हजारो लोक ज्यास गुरू मानीत होते त्याने असे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

ह्या सौम्य होण्यातूनच ऊन पाण्यास त्यांच्या उपचारात मोठी जागा मिळाली. अशक्तांसाठी व वृद्धांसाठी त्यांनी ऊन पाण्याचे स्नान सांगितले. परंतु ऊन पाण्यात बराच वेळ राहून तसेच बाहेर पडल्याने अंग ढिले होते व पुढे वाऱ्याने सर्दी होते, असे त्यांचे मत होते. म्हणून पूर्ण स्नान ऊन पाण्याचे असेल तर त्याच्या शेवटी थोडा वेळ थंड पाणी घ्यावे, असा त्यांनी नियम केला. त्यांच्या एका स्नानाची रीत अशी : दोन टब शेजारी ठेवावे, एकात ऊन पाणी व दुसऱ्यात थंड. रोग्याने १० मिनिटे ऊन पाण्यात बसावे, मग १ मिनिट थंड पाण्यात. पुन्हा १० मिनिटे ऊन, १ मिनिट थंड. आणि तिसऱ्याने तसेच करून थंड पाण्यावर शेवट करावा. नंतर अंग न पुसता कपडे घालावे व ऊब येईपर्यंत हिंडावे. ऊन दहा व थंड एक, ह्या प्रमाणावरूनच कळते की तो कडक विद्यार्थी आता किती पालटला होता.

ज्यांस एवढेही सोसत नसे त्यांस ते नुसते पाय ऊन पाण्यात ठेवावयास सांगत. त्या पाण्यात मूठभर मीठ व त्याच्या दुप्पट लाकडाची राख घालीत, आणि पाय १२ ते १५ मिनिटे बुडवून ठेवीत. चुलीतील राख व घरचे मीठ ह्यांहून स्वस्त सामग्री कोणती असेल? धट्ट्याकट्ट्यांस ते पहाटे दंवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालण्यास लावीत. जेवण साधे असावे, झोप वेळेवर घ्यावी, दारूचा अतिरेक टाळावा, शरीरास श्रम द्यावे व मन शांत ठेवावे, हेही ते पाण्याइतकेच आग्रहाने सांगत.

१८८६ साली त्यांचे जलोपचारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, व १८८९ साली आरोग्याने कसे राहावे ह्याविषयी दुसरे. पहिल्या पुस्तकाच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या व अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. मग वोरिसहोफेनचे ते खेडे ओळखू येईनासे झाले. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील आर्चड्यूक योसेफ आले, सरदार आले, व्यापारी आले. त्यांच्या रांगेतच हातमजूर व मोलकरणीही उभ्या असत. पुस्तकांपासून व देणग्यांपासून जो पैसा मिळाला तो पाद्री क्नाइप ह्यांनी स्वतःसाठी ठेविला नाही. त्यातून १८९१ साली एक उपचारगृह, १८९३ साली मुलांसाठी एक आश्रयगृह व १८९६ साली आणखी एक उपचारगृह, अशा तीन संस्था उभ्या राहिल्या.

ज्या वैद्यांनी पूर्वी त्यांच्यावर तक्रारी केल्या, त्यांच्याच वर्गातील काही आता शिकावयास येऊ लागले. पाद्री क्नाइप रोगी तपासताना पदवीधर वैद्यास जवळ बसवून घेत. आपण वैद्य नाही हे त्यांनी कधी लपविले नाही. आपल्यामागे हे काम वैद्यांच्या हाती जावे अशीच त्यांची इच्छा होती. १८९४ साली त्यांच्या रीतीने उपचार करणाऱ्या वैद्यांचा एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. रोमच्या पोप तेराव्या लिओ ह्यांनी १८९३ साली त्यांस मानाची पदवी दिली. इतके होऊनही ते आपल्या खेड्यातच राहिले, आणि १७ जून १८९७ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, वोरिसहोफेन येथेच त्यांनी देह ठेविला.

आता हा उपचार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. ऊन पाण्याने कातडीतील बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात व तेथे रक्त अधिक येते. थंड पाण्याने त्या आकुंचन पावतात व रक्त आत वळते. दोन्ही पाणी आळीपाळीने घेतले असता त्या वाहिन्या लोहाराच्या भात्याप्रमाणे फुगतात व मिटतात. अंगास तरतरी येते, दुखणे बोथट होते व थकलेले स्नायू हलके वाटतात. मात्र ही उघडझाप मुख्यत्वे कातडीत व तिच्या लगत होते. थोडक्या वेळात खोल स्नायूंची उष्णता फारशी बदलत नाही. पाद्री क्नाइप समजत की रोग रक्तातील बिघाडाने होतात व पाणी तो बिघाड धुऊन काढते. हे मत आज शास्त्रास मान्य नाही. २०१३ साली खेळाडूंवरील अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यात असे दिसले की, कष्टानंतर नुसते बसून राहण्यापेक्षा ऊन-थंड पाणी घेतल्याने स्नायूंचे दुखणे कमी होते. परंतु नुसते थंड पाणी किंवा हलका व्यायाम ह्यांसारख्या दुसऱ्या उपायांहून ते निश्चित वरचढ आहे असे ठरले नाही. त्यापलीकडे मोठी फुशारकी मारणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दिवसभर औत धरणारा शेतकरी, डोक्यावर पाणी वाहणारी बाई, किंवा गावोगाव पायी फिरणारा उपदेशक ह्यांस संध्याकाळी पायांपुरता हा उपाय करून पाहता येईल. दोन बादल्या घ्याव्या. एकीत सोसेल असे ऊन पाणी, सुमारे ३६ ते ३८ अंश, म्हणजे अंगाच्या उबेइतके किंवा किंचित अधिक. दुसरीत थंड पाणी. पाणी पोटऱ्यांपर्यंत यावे. पाय ५ मिनिटे ऊन पाण्यात ठेवावे, मग १० ते १५ सेकंद थंड पाण्यात. हेच आणखी एकदा करावे व थंड पाण्यावर शेवट करावा. पाण्याचा हात झटकून पायांवरील ओल काढावी व ऊब येईपर्यंत चालावे किंवा पांघरुणात पाय घ्यावे. पाय आधीच गार असले तर थंड पाण्याने आरंभ करू नये.

येथे काही गोष्टी फार गंभीरपणे सांगणे आहेत. ज्यास हृदयाचा विकार किंवा वाढलेला रक्तदाब आहे, ज्याच्या पायांच्या शिरा फुगल्या किंवा रक्तप्रवाह मंद झाला आहे, जी स्त्री गरोदर आहे, ज्यास ताप आहे किंवा पायास उघडी जखम आहे, त्याने डॉक्टरास विचारल्यावाचून हा उपाय करू नये. महारोग्यास व मधुमेह जुना झालेल्यास पायांत बधिरता असते. पाणी कढत आहे हे त्यास कळतच नाही, आणि कातडी भाजून फोड येतो, फोडाची जखम होते, जखमेमुळे बोटे जातात. अशा मनुष्याने ऊन-थंड पाण्याचा हा उपाय घरी करूच नये. आणि रोजच्या स्नानाचे पाणीही दुसऱ्या धडधाकट माणसाने कोपर बुडवून तपासल्यावाचून त्याच्या पायांवर घालू नये. क्षयाविषयीही सांगून ठेवितो. पाद्री क्नाइप ह्यांच्या तरुणपणी जे औषध नव्हते, ते १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधापासून मिळू लागले, व आज क्षय आणि महारोग दोहोंची औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. ज्याच्या घरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्याने थंड पाण्याची बुडी मारीत न बसता दवाखान्यात जावे. नामानाची गोष्ट आठवून कोणी बादलीतील पाण्यापासून चमत्काराची अपेक्षा करू नये. नामानास बरे केले ते देवाने, यार्देनेच्या पाण्याने नव्हे.

जर्मनीत निघालेल्या पाण्याच्या उपचाराचा एक प्रवाह आपल्या प्रांतापर्यंतही आला आहे. लुई कूने व आडोल्फ युस्ट ह्या जर्मन लेखकांची पुस्तके वाचून गांधीजींनी जलोपचार व माती ह्यांचे प्रयोग केले, आणि १९४६ साली पुण्याजवळील उरुळी कांचन येथे खेड्यातील गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ते आश्रमाचे काम अद्याप चालू आहे. तिकडे जर्मनीत वोरिसहोफेन गावास १९२० साली स्नानक्षेत्राचा अधिकृत दर्जा मिळाला, आणि पाद्री क्नाइप ह्यांची पद्धत २०१५ साली त्या देशाच्या परंपरागत ज्ञानाच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? पाणी सर्वांच्या घरी आहे. ते घेतले तरी पुरे नाही. एखाद्या मनुष्यास संकटात जो मार्ग लाभला तो त्यास प्रिय होतो, हे स्वाभाविक आहे. ज्यास कडक उपासाने लाभ झाला तो सर्वांस उपास सांगतो. ज्यास कठोर शब्दाने जाग आली तो सर्वांस कठोर शब्द बोलतो. पाद्री क्नाइप ह्यांस बर्फाच्या पाण्याने जीव मिळाला होता, तरी समोर थरथरणारी म्हातारी पाहून त्यांनी बंब पेटविला व दहा मिनिटांच्या उबेनंतर एकच मिनिट थंडी दिली. थंडी त्यांनी टाकिली नाही, कारण तिचा गुण त्यांस ठाऊक होता. परंतु कोणास किती व कशाच्या पाठीवर द्यावी, हे त्यांनी दुखणाइताकडून शिकून घेतले. आजाऱ्याच्या घरी बसणाऱ्या, भांडलेल्यांस समजाविणाऱ्या व चुकलेल्यास परत आणणाऱ्या आपल्या प्रत्येक उपदेशकास व मंडळीतील वडील माणसांस ही मापाची विद्या हवी आहे. आधी ऊब द्यावी, मग थोडी थंडी, आणि तो मनुष्य पुन्हा तापून आपल्या पायांनी चालू लागेपर्यंत त्याच्याबरोबर चालावे.